हद्दीबाहेरचा म्हातारा

बाई साध्या पोलीस अधिकारी होत्या तेव्हापासून ड्रायव्हर त्यांच्या गाडीवर होता, आणि बाई म्हणजे काय चीज आहे हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं. कालव्यात एक प्रेत तरंगत होतं. अलीकडच्या काठावर एका ठाण्याची हद्द, पलीकडे दुसऱ्याची. अलीकडचे शिपाई बांबूने ते पलीकडे ढकलत, पलीकडचे परत इकडे. पंचनामा करा, नातेवाईक शोधा, ही ब्याद हवी कुणाला! बाई वर्दीसकट कमरेइतक्या पाण्यात शिरल्या आणि त्या अनोळखी माणसाला दोन्ही हातांनी धरून काठाला घेऊन आल्या. बांबूवाल्यांनी माना खाली घातल्या.

पुढे त्याच बाई अख्ख्या शहराच्या पोलीस प्रमुख झाल्या. आल्या आल्या हुकूम काढला: माणूस ज्या ठाण्याची पायरी आधी चढेल, तिथेच त्याची तक्रार लिहायची आणि तिथूनच शोध सुरू करायचा. हद्दीचं लफडं पोलिसांनी आपसांत निस्तरावं. खात्यात नुसती बोंबाबोंब. पाठीमागे सगळे त्यांना ‘हद्दपार बाई’ म्हणायचे. तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. वर्षं गेली, हुकूम टिकला. पण बाईंच्या डोक्यातला भुंगा काही जाईना.

“मी गेले की सगळे खाडकन सलाम ठोकतात,” त्या गाडीत म्हणायच्या. “मी नसताना काय चालतं, ते मला कोण सांगणार?”

साध्या कपड्यांत जाऊन बघावं, तर शेंबडं पोरसुद्धा त्यांना ओळखायचं.

बाई निवृत्तीला आल्या, त्याच सुमारास ड्रायव्हरचे वडील घरातून निघून गेले. म्हाताऱ्याला हल्ली स्वतःचं नावही आठवत नसे. ड्रायव्हर बाईंना घेऊन शहराबाहेर, कामावर फोन बंद ठेवायचा नियम. बायको बिचारी सासऱ्यांना शोधत वणवण फिरली आणि शेवटी समोर दिसलं त्या ठाण्यात शिरली.

पत्ता ऐकून ठाणेदाराने कपाळाला हात लावला. “ताई, तुमचं घर कुठे, आमचं ठाणं कुठे!”

ती परत जायला वळली.

“बसा, बसा. पाणी प्या,” तो कुरकुरत म्हणाला. “बाईंचा हुकूम आहे, करतो काय. अंगात कपडे कोणते होते?”

दिवेलागणीच्या आत शिपायांना म्हातारा मालगाड्यांच्या यार्डात सापडला, रुळावर बसलेला. जरा उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने गाडी चालवता चालवता हे सगळं सांगितलं. बाई मागच्या सीटवरून पुढे झुकल्या.

“बायकोने तुझं नाव सांगितलं असेल.”

“नाही बाई. घाबरून गेली होती. नवरा गाडी चालवतो, एवढंच म्हणाली.”

“कुणाची, ते विचारलं नाही?”

“नाही.”

“म्हणजे तू माझा ड्रायव्हर, हे त्याला माहीतच नव्हतं?”

“अजूनही नाही.”

बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. खात्यात भल्याभल्यांना घाम फोडणारी ती बाई दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडली. ड्रायव्हर स्टिअरिंग धरून बसून राहिला.

मग बाईंनी डोळे पुसले. “पहिल्यापासून सांग,” त्या म्हणाल्या. “ती आत गेली. मग तो काय म्हणाला?”