शनिवारचा कॅटलॉग

अमेरिकेत हर्नडन गावच्या लायब्ररीत शनिवारी एक म्हातारा अमेरिकन माझ्यासमोर येऊन बसायचा. जुन्या फ्रेंच लष्करी बंदुकांची मॅन्युअल्स आणि पार्ट्सचे कॅटलॉग जमवायचा तो. बंदूक एकही नव्हती. प्रत्येक कॅटलॉग ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत जपलेला. मी पुण्यात शाळेत मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं, हे बोलता बोलता कळलं, तसा त्याने एक कॅटलॉग माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "मला फ्रेंच येत नाही. वाचून दाखवशील?"

मग दर शनिवारी मी चापाची, स्प्रिंगची, स्क्रूची नावं वाचायचे आणि तो डोळे मिटून ऐकायचा.

एकदा माझी एक ओळ सुटली. डोळे न उघडताच त्याने ती अस्खलित फ्रेंचमध्ये म्हटली.

मी मान वर केली नाही. पुढच्या स्क्रूचं नाव वाचलं.