झाकण, तळटीपेतले

नारायण पेठेतले गोपाळकृष्ण आगाशे सर नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. पगार थांबला, शिकवणे चालू आहे. सध्याचा वर्ग म्हणजे महापालिकेचे आमचे क्षेत्रीय कार्यालय.

त्यांच्या फाटकासमोरचे चेंबरचे झाकण फुटले आणि त्यात सरांच्या पत्नी श्यामलाबाईंचा पाय गेला. सहा आठवडे प्लास्टर. ते निघाले की त्याच संध्याकाळी त्यांना भजनी मंडळात जायचे होते. त्याआधी झाकण बसायला हवे, एवढेच.

सरांनी नऊ पानी अर्ज लिहिला. लिहायला तीन आठवडे लागले. विषय : 'विविध देशांतील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या भूमिकांचा तुलनात्मक विचार'. नेदरलँड्समध्ये महापौर निवडून येत नाही, नेमला जातो. जपानमध्ये पालिकेत नोंद झाली की लग्न लागले, अक्षतांचे अडत नाही. फ्रान्समध्ये चिमूटभर गावालाही स्वतःचा महापौर असतो. आपल्याकडे महापौर फीत कापतो आणि आयुक्त सही करतो. झाकण नवव्या पानावर होते, तळटीपेत.

पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, सर चौकशीला गेले.

"तुमचा अर्ज ग्रंथालयाकडे गेलाय," आवक-जावक सांभाळणारे रंगनाथ म्हणाले.

"ग्रंथालयाकडे कशाला?"

"आम्ही विषय वाचून पाठवतो, सर. आतलं वाचायचं आमच्याकडे नाही. त्यांचा शेरा आलाय, संदर्भसूची जोडावी."

रागावण्याची ही उत्तम संधी होती. पण निवृत्तीनंतर प्रथमच सरांना कोणी संदर्भ विचारले होते. ते हसतमुखाने घरी आले.

"झाकणाचं काय झालं?" श्यामलाबाईंनी विचारले.

"जपानवर त्यांनी आक्षेप घेतलेला नाही."

"अहो, माझा पाय जपानमध्ये गेला नव्हता. कागद आणा."

श्यामलाबाईंनी विषय लिहिला : 'फुटलेले झाकण बदलणे'. खाली पत्ता, सही.

"निदान नेदरलँड्स तरी असू दे," सर म्हणाले.

"नको."

अर्ज शुक्रवारी दिला. सोमवारी सकाळी प्लास्टर निघाले, दुपारी झाकण बसले. संध्याकाळी श्यामलाबाई काठी टेकत फाटकाबाहेर आल्या आणि त्यांनी झाकणावर पाऊल ठेवले. खडखडाट झाला.

"वाजतंय," मागून सर म्हणाले. "नेदरलँड्समध्ये, युट्रेख्तला, हे खपवून घेतलं नसतं."

"आहे म्हणून वाजतंय," असे म्हणून त्यांनी दुसरे पाऊल टाकले आणि त्या भजनाला गेल्या.