सासूबाईंची मशेरी आणि माझी सिगारेट

सासूबाई मालवणहून आमच्या बोरिवलीच्या घरी राहायला आल्या, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या हिरड्या पाहून मशेरी बंद करायला सांगितली. त्या तडाख्यात बायकोने माझी सिगारेटही बंद केली.

"मी हळूहळू सोडतो ना," मी म्हणालो. "रोज थोडी कमी."

"सोडूचा तर एकदम सोडूचा," सासूबाई म्हणाल्या. "शेपूट काय इंचाइंचान कापतत?" आणि मशेरीचा डबा संडासात उपडा करून आल्या.

माझं सिगारेटचं पाकीट, हळूहळू सोडण्याच्या बोलीवर, त्यांच्या ताब्यात गेलं. त्या दिवसांत त्या घासलेली भांडी पुन्हा घासत, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला शिव्या घालत. मला मात्र वेळेवर सिगारेट काढून देत. देण्याआधी ती नाकाखालून फिरवीत.

मग माझ्याबरोबर खालीही यायला लागल्या. "तुमी चोरून दुसरी पेटवतल्यात. माका बघूक व्हया." पंपरूममागे मी धूर पलीकडे सोडायचो, तर त्या पदर सावरत बरोबर पलीकडेच जाऊन उभ्या राहायच्या. एकदा मी घाईत सिगारेट विझवायला गेलो, तर म्हणाल्या, "अर्धी आसा अजून. वाया घालवू नकात."

एका संध्याकाळी बायको लालबुंद होऊन घरी आली. "आई, अख्खी सोसायटी म्हणतेय तू सिगारेट ओढतेस!"

"मी? हात सुदीक लावूक नाय!"

"मग तिथे रोज उभी राहून करतेस काय?"

"वास घेतात," मी बोलून गेलो.

सासूबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. आत गेल्या, पाकीट चुरगाळून मशेरीच्याच वाटेने धाडलं. "आता तुमचापण एकदम!"

वाट लागली. आम्ही दोघं रिमोटवरून, पंख्यावरून, काहीच नसेल तर तेवढ्यावरूनही भांडायचो. कंटाळून बायकोने आम्हाला मालाडला मेहुणीकडे पाठवलं. मेहुणीने दुसऱ्याच दिवशी फुटाण्यांची पिशवी हातात देऊन रिक्षात बसवलं.

कांदिवलीच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातून धूर आत आला. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "शी! कसली घाण ओढतत मेले!"

मीही शी म्हणालो. जरा उशिरा.

सिगारेट आणि मशेरी दोन्ही सुटल्या त्या कायमच्या. फुटाणे मात्र बोरिवली येईपर्यंतही पुरले नाहीत, आणि शेवटची मूठ कोणी खाल्ली यावर आमचं अजून एकमत नाही.