कांतीशेठचे जाळीदार कप

अमळनेरचे कांतीलाल शेठ गिऱ्हाइकाला पातळं दाखवताना जांभया देत, पण चिनी मातीचा जुना कप हाती आला की गडी नवा नवरा व्हायचा. मुंबईच्या कुणा दलालाने हे वेड लावलं आणि त्यासोबत शब्दही दिले. कप आधी पालथा घालून बुडाचा शिक्का बघायचा. झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असल्या तर ती ‘जाळी’. ती जुनेपणाची शोभा. रेघ आरपार गेली की ‘केसतडा’. मग मालाचा भाव उतरला. कड उडाली की ‘टवका’. पाहुण्याला चहाआधी हे सगळं प्यावं लागे बिचाऱ्याला. त्यांची बायको जतनबाई म्हणायची, मला तर बठ्ठं फुटकंच दिसतं.

साल असेल अडुसष्ट. लेक प्रेमकुंवरला बघायला धुळ्याहून, देवपुरातून माणसं आली. मुलगा वकील. प्रेमकुंवरने त्याला एका लग्नात पाहिलेलं, तेव्हापासून दुसऱ्या स्थळाचं नाव काढलं की तिचं डोकं दुखायचं. हे जमलं नाही तर पोरगी अन्नाला शिवणार नाही, हे शेठनाही ठाऊक होतं. तरी जतनबाईने घासून ठेवलेले स्टीलचे नवे पेले बाजूला सारून त्यांनी कपाटातले सहा जाळीदार कप काढलेच. ऐट कुठे जाते!

मुलाची आई झमकूबाई दोन घोटांतच थांबल्या. कप डोळ्यांपाशी नेला. जुना चहा मुरून रेघा तपकिरी झालेल्या. कप खाली ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, निघू या, पाचची एस्टी मिळेल.

शेठ समजावू लागले, जाळी वेगळी, केसतडा वेगळा. शिक्का दाखवायला त्यांनी कप पालथा केला आणि चहा गेला सतरंजीवर.

“शेठ,” झमकूबाई म्हणाल्या, “असे कप आमच्याकडे पण आहेत. दाराबाहेरच्या कोनाड्यात. हमालांसाठी.”

तसा कोनाडा तेव्हा सगळ्यांकडेच होता. शेठच्या घराखालीच दुकान, त्याच्या दारातही होता. आतल्या खोलीत प्रेमकुंवरच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. शेठच्या ओठांवर शिक्का, झिलई, सगळं आलं. त्यांनी ते गिळलं.

“चुकलं,” ते म्हणाले. “बाहेरचे कप आत आले. फुटकेच आहेत.”

वाक्य संपायच्या आत जतनबाई स्टीलचे पेले घेऊन हजर. सुपारी फुटली. पण शुभकार्यात घरात फुटकं नको, म्हणून झमकूबाईंनी जाताना स्वतः उभं राहून सहाही कप कोनाड्यात ठेववले.

एस्टी सुटली की परत आणू, असा शेठचा बेत. व्याह्यांना पोचवून धावतपळत आले, तर अभिमन हमाल आणि त्याचे सोबती कापडाच्या गाठी उतरवून चहाला बसलेले. त्याच कपांतून.

आता बघा, त्या कपांना आजवर कुण्या गोऱ्या साहेबाचं तोंड लागलं असेल, त्याच्या कुत्र्याचंही लागलं असेल. त्याचा शेठना अभिमानच वाटे. अभिमनचं लागलं आणि त्यांचा हात पुढे होईना. जतनबाई म्हणाली, राखेने घासून देते की. छे! काचेचं कपाट रिकामं राहिलं आणि शेठ गल्ल्यावरून रोज कोनाड्याकडे बघत राहिले.

लेकीचं लग्न पार पडलं, त्याच आठवड्यात पहिला टवका उडाला. शेठ उठून दारापर्यंत गेले.

“जपून रे अभिमन. जुना माल आहे.”

“जुना शे म्हनीसन तं आमले दिधा ना, शेठ,” अभिमन म्हणाला आणि चहा फुंकू लागला.