आधी भेव सांगायचं

माझी बायको गया कुठलीही गोष्ट सांगायला बसली की आधी म्हणायची, "मला भेव वाटलं." मग थोडं थांबायची, आपणच आपल्याला "पुढं?" असं विचारायची, आणि त्यानंतर मुद्द्याचं बोलायची. दूध उतू गेल्याचं सांगायचं असलं तरी हेच. शेजारणी हसायच्या. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्हाला ती भित्री वाटेल. भित्रीच होती. मीही होतो. ती बोलून दाखवायची आणि मी मिशीवर हात फिरवायचो, एवढाच फरक.

ही सवय तिला कवितांनी लावली. सत्तरच्या पुढची वर्षं होती. मी तिसरीतून उठलेला, वारंगा फाट्यावर ट्रक भरणारा हमाल. तिची लग्नाआधी सातवी झालेली. आमची छाया चालती-बोलती झाल्यावर गयाने बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं. फाट्याजवळच्या शाळेतले एक मास्तर तिला रविवारी मराठी शिकवायचे. पुस्तकात जुन्या कवींच्या कविता होत्या. निम्म्या मरणाच्या, निम्म्या जग बिघडल्याच्या. मास्तर सांगायचे, अर्थ मी सांगतो, वाचून तुला काय वाटलं ते तू सांग, परीक्षेत तेच विचारतात.

तिचा सराव माझ्यावर चालायचा. भाकरी थापता थापता बोलायची. "हा कवी म्हणून राहिला, मरण आईच्या मांडीवानी असतं. ह्यानं आमच्या आत्याला मरताना पाहिलं न्हाई. मला तर भेव वाटलं."

मी चिडायचो. "घरात लेकरू हाय. मरणाचं मोठ्यानं वाचू नको."

"अवो, न वाचल्यानं ते आपलं घर चुकवंल का?"

भीती वाटली हे काही उत्तर नाही, कवितेचा थोरपणा लिही, असं मास्तरांचं म्हणणं. गया त्यांना म्हणाली, "मंग खोटं लिहू का, सर?" मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "नको. पण भ्यालीस, पुढं काय? तिथंच बसू नकोस." त्या दिवसापासून ते "पुढं?" आमच्या घरात राहायला आलं.

दुसरी एक कविता तिला सोडत नव्हती. त्यात एका नगरीचा कारभार मोडतो. वेशीवर कुणी नसतं, आणि ज्यांच्या घरी जेवले त्यांनाच माणसं ओळखत नाहीत. गया म्हणाली, "हे कवीनं वाढवून सांगितलं. माणसं असं करत न्हाईत."

त्याच उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि गावात पटकी आली. उलट्या, जुलाब, संध्याकाळपर्यंत माणूस संपलेला. गावाने जुन्या रीतीने मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. लाकडी गाडा, त्यात देवी, लिंबाचा पाला, नारळ. तो ओढत शिवेपलीकडे सोडायचा म्हणजे रोगराई पुढच्या गावाला जाते, असं मानायचे. गाडा बाहेर पडेपर्यंत गाव बांधलेलं. कुणी शीव ओलांडायची नाही. गाडा ओढायचं काम पिढ्यानपिढ्या आमच्या वस्तीकडे. धम्म घेतल्यापासून आम्ही ते सोडलं होतं.

गाड्याच्या दिवशी सकाळीच छायाला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत पोरीचे डोळे आत गेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. तिला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून मी खांद्यावर घेतलं आणि आम्ही निघालो. वेशीतच गाडा उभा होता आणि भोवती गाव.

पाटील म्हणाले, "गाडा गेल्याबगर शीव वलांडू नको. तुझ्या बापानं वढला, तू वढ. मंग ने पोरीला."

"पाटील, गाडा शिवेला जाईस्तोवर दिवस बुडंल. पोरगी वाचत न्हाई."

"आन् तुझ्यापायी गाव मरू देऊ?"

मागून काठ्या पुढे आल्या. ज्यांच्या लग्नात मी लाकडं फोडली होती, त्यांच्याच हातात त्या होत्या.  देवीला मी मानत नव्हतो, पण त्या घटकेला गाड्याची दोरी धरली असती. पोरगी खाली ठेवायला मी वाकलोही.

गयाने माझा दंड धरला आणि सगळ्यांकडे तोंड केलं. "मला भेव वाटून राहिलं," ती म्हणाली.  "देवीचं न्हाई. तुमचं. काल आमच्याकडून वझी उचलून घेतली, आज वळखू न्हाई येत."

कुणीतरी म्हणालं, "मास्तरीण झाली, भाषण देऊन राहिली."

"तुमालाबी भेव वाटतं, पाटील. वाटतं का न्हाई ते सांगा. पुढं काय करायचं ते मंग बोलू."

पाटलांनी मान वळवून आपल्या वाड्याकडे पाहिलं. त्यांचा धाकटा पोरगा घरात आजारी होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाड्याशेजारी यमुनाबाई बसली होती. तिचा नातू आदल्या दिवशी गेला होता. ती उठली, गाड्यापुढचा नारळ उचलला आणि वाटेतून बाजूला झाली. "मला भेव वाटतं," म्हणाली. "माझं गेलं. हिचं जाऊ द्या दवाखान्यात."

काठ्या खाली आल्या असं मी म्हणणार नाही. माणूस जाईल एवढी फट झाली. आम्ही त्यातून निघालो. फाट्यापर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. दगड येईल असं वाटत होतं. ओळखीच्या ट्रकवाल्याने हिंगोलीला सोडलं. दवाखान्यात पोरीला सलाईन लागलं. ती वाचली. मागाहून पाटलांनी आपला धाकटाही तिथेच आणला. गयाकडे न बघता विचारलं, "खाट कुठं मिळंल?" गयाने दाखवली.

गावात परतल्यावर पुढचे कित्येक दिवस कुठे रडणं ऐकू आलं की आम्ही दाराला आतून कडी लावायचो. आळ आमच्यावर येणार होता. मग सरकारी माणसांनी विहिरीत औषध टाकलं आणि मरणं थांबली. शेवटी गावानेच ओढलेला गाडा पुढच्या गावाने शिवेत घेतला नाही. तो मधल्या नाल्यात कुजला. त्याचं लाकूड सरपणालाही कुणी नेलं नाही.

परीक्षेत तीच नगरीची कविता आली. गयाने काय लिहिलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "लिहिलं की कवी खोटं बोलत न्हाई, पण त्यानं यमुनाबाई पाहिली न्हाई." ती मराठीत पास झाली, गणितात नापास. गणिताला पुन्हा बसली.

यंदा थंडीत ती गेली. आधी पाय सुजले, मग दम लागायला लागला. शेवटच्या दुपारी मी खाटेजवळ बसलो होतो. ती म्हणाली, "मला भेव वाटून राहिलं." मी म्हणालो, "मलाबी." उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढं?"

मी आधी तिच्या सुजल्या पायांवर पांघरूण ओढलं. तिला थांबायला वेळ नव्हता.

मरण आईच्या मांडीसारखं नसतं. मी पाहिलं. आता संध्याकाळी घर गप्प होतं तेव्हा मी मोठ्याने म्हणतो, भेव वाटतं. वाट बघतो. पलीकडून कुणी विचारत नाही. मग मीच विचारतो, पुढं? आणि उठून चूल पेटवतो.