सापळ्यांचा आलेख आणि गटाचा कॉम्प्युटर

"पोरगी काही बोलत नाही बे, तिचा कॉम्प्युटरच बोलते." मागून कोणीतरी म्हणालं आणि शेतकरी गटाच्या त्या खोलीत हशा पिकला. मी स्क्रीनकडेच पाहत राहिले.

गट काकांचा, गाव चिखलीजवळचं. आदल्या वर्षी गुलाबी अळीने बीटी कपाशीची बोंडं आतून खाल्ली होती. बाहेरून ती हिरवीगार, म्हणून फवारणीला उशीर झाला. यंदा शिवारात त्या अळीचे पतंग पकडायचे सापळे लावले होते. एका सापळ्यात रोज आठच्या वर पतंग पडू लागले की फवारायचं, असं ठरलं होतं. काकू रोज सकाळी फिरून पतंग मोजायची, एका पतंगाला वहीत एक काडी मारायची. वही घरी, तिच्याजवळच. तिने फोनवर सांगितलेले आकडे मी लिहून घ्यायचे.

त्यांचा आलेख काढायला मी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. माझ्या लॅपटॉपवर आलेखाचं चित्र काढणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, होती. गटाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती बसेना. मग मी ती सक्तीची ठेवली नाही. प्रोग्रामने आधी ती शोधायची. सापडली तर रंगीत आलेख, नाहीतर कीबोर्डवरच्या चांदण्यांच्या (*) साध्या ओळी. आलेख कसाही निघो, त्यामागचे आकडे तेच. मला याचा फार अभिमान होता.

काकांनी उपरण्याने कीबोर्ड पुसला, एकुलती एक खुर्ची मला दिली आणि स्वतः बटण दाबलं. पडद्यावर चांदण्या उमटल्या.

"वा! हे तं आपल्या काड्यांसारखंच हाये," काका खूश झाले.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बोट ठेवून मोजलं. "एक, दोन, तीन. एका सापळ्यात तीनच पतंग? मंग आताच काऊन फवारता?"

"हाव. पुढच्या आठवड्यात पाहू," काका म्हणाले. माणसं उठू लागली.

तीनच? मी पडद्यावरच्या ओळी पुन्हा पाहिल्या. रंगीत आलेखाच्या कडेला आकडे असतात. चांदण्यांची ओळ पडद्याबाहेर जाऊ नये म्हणून मी पाच पतंगांना एकच चांदणी ठेवली होती, आणि ते कुठेच लिहिलं नव्हतं. कोणता आलेख निघाला, हेही प्रोग्राम सांगत नव्हता. काडीची सवय असलेली माणसं दुसरं काय समजणार?

इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळतं. चारचौघांत मी तोंड उघडत नसे. पण पहिला माणूस दाराशी पोचला होता, आणि आठवडाभराने फवारून बोंडं वाचली नसती.

"काका, त्यांना थांबवा! एक चांदणी म्हणजे पाच पतंग. तीन नाहीत, पंधरा आहेत. चूक माझी आहे. फवारणी आजच करा."