दिवसाढवळ्या लाइट लावून अकोटला

अमरावतीच्या स्टेशनवर मी बॅग खाली ठेवते न ठेवते तोच नानामामा वाकून माझ्या पाया पडले. वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. पंचाहत्तरीचा माणूस भर फलाटावर वाकतो आणि मी दरवेळी संकोचून मागे सरकते आणि मागच्या कुणाच्या तरी पायावर पाय देते. या वेळी अवघडायला आणखी एक कारण होतं. मी मामांची परीक्षा घ्यायला आले होते, आणि परीक्षेला बसणाराच पाया पडत होता.

झालं होतं ते असं. दिवाळीनंतर एकदा मामा गाडी घेऊन अकोटला म्हणून निघाले आणि चांदूर रेल्वेला पोचले. नकाशा डोळ्यांसमोर आणला तर अकोट अमरावतीच्या एका अंगाला आहे आणि चांदूर रेल्वे बरोबर दुसऱ्या. मामांचं म्हणणं, ते तिथे चहा प्यायला गेले होते. मामीने हे बंगळुरूला माधुरीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, फोन करून सांगितलं आणि माधुरीने फर्मान काढलं की गाडी विकायची. दर गुरुवारी ते अकोटला सुमनमावशीकडे जातात. मावशीला गुडघ्यांमुळे उंबरा ओलांडता येत नाही. तीन भावंडांपैकी ही दोघंच उरलीत; तिसरी माझी आई.

शेवटी तडजोड निघाली. माधुरीने डॅशबोर्डवर बसवायचं, रस्ता दाखवणारं एक यंत्र पाठवलं. ते लावून मामा आपले आपण अकोटला पोचले तर गाडी राहणार, नाही तर गिऱ्हाईक तयारच होतं. निकाल मी द्यायचा आणि वाटेत एक शब्दही सांगायचा नाही. मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवते, एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली होती. नकाशा मोबाइलवरही दिसतो, हे मामांना सांगून झालं होतं. "त्याच्यावर फोन येते. फोन आला का रस्ता जाते," असं ते म्हणाले, आणि हे काही खोडून काढता येत नाही.

घरी पोचल्यावर यंत्र पाहिलं. पोळपाटाच्या चतकोर एवढा पडदा आणि आत एक शुद्ध हिंदी बोलणारी बाई. पण यंत्राची स्वतःची बॅटरी इतकी लेचीपेची की गल्लीचं तोंड येईपर्यंत बाई गप्प व्हायची. तिला गाडीतून वीज द्यायला हवी होती. त्यासाठी गाडीत लायटरचं भोक असतं, हे मला ठाऊक होतं. मी वायर घेतली, भोकात खुपसली आणि बोटभर राख माझ्या हातावर आली.

"व बाई, तिथी नको घालू!" मामी ओरडली. "ते उदबत्तीचं हाय."

गाडी घेतल्यापासून मामी दर गुरुवारी त्या भोकात उदबत्ती खोचत आली होती. डॅशबोर्डवर गणपती, त्याच्या पायाशी भोक. कंपनीने आणखी कशासाठी केलं असणार, असा तिचा बिनतोड सवाल होता. कित्येक वर्षांची राख आणि काड्यांची बुडखं आत ठासून बसली होती.

मग आम्ही गजूभाऊंकडे गेलो. गजूभाऊ हे मामांचे जुने ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यांचं दुकान म्हणजे एक कडुलिंब आणि त्याला टांगलेल्या वायरी. त्यांनी भोकात टॉर्चचा उजेड पाडून आत डोकावलं.

"ताई, याच्यात लायटर नाही राहिला. हा देव्हारा झाला," ते म्हणाले. "पण फिकर नाही. बॅटरीवरून डायरेक्ट देतो."

बारा व्होल्टचे पाच करणारी एक काळी डबी त्यांनी डॅशबोर्डखाली चिकटवली आणि बॅटरीपासून वायर ओढून घेतली. बाई खणखणीत बोलू लागली. आम्ही खुशीत राजकमल चौकाकडे जाऊन गिला वडा (दही-चटणीत बुडालेला डाळीचा वडा) खाल्ला. सकाळी गाडी सुरू होईना. टिनाच्या शेडखाली ती बाई रात्रभर एकटीच आकाशातले उपग्रह शोधत बसली होती आणि त्या शोधात गाडीची बॅटरी पार झोपली होती. गल्लीतल्या लोकांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. ढकलणाऱ्यांत एक वकील होते. ढकलता ढकलता त्यांनी गाडी विकावी असं मत दिलं, तेव्हा मामांनी खिडकीची काच वर केली.

दुसऱ्या खेपेला गजूभाऊंनी विचार केला की यंत्र अशा कशावर तरी जोडावं, जे आपण स्वतः चालू-बंद करतो. त्यांनी वायपरची वायर पकडली. जानेवारीचं ऊन, आकाशात औषधालाही ढग नाही, आणि कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरतायत. वायपर थांबवला की बाई थांबायची. चौकातला पोलीस आधी आमच्याकडे बघत राहिला, मग त्याने वर आभाळाकडे पाहिलं.

तिसऱ्या खेपेला गजूभाऊ बराच वेळ सीटखाली उताणे पडून राहिले आणि बाहेर आले ते एकदम प्रसन्न.

"नाना, एक सांगा. लाइट चालू ठेवून तुमी कधी घरात गेले काय?"

"नाही बा. हे कसं होईन?"

"मंग झालं! हेडलाइटवर जोडलं. लाइट चालू तर बाई चालू. लाइट बंद, बाई बंद. आता बॅटरी उतरूच शकत नाही."

"पण गजूभाऊ, आम्हाला दिवसा जायचंय," मी म्हटलं.

"मंग? दिवसा लाइट लावाले कोणाची मनाई हाय काय?"

मी गजूभाऊंना पैसे विचारले. पुण्यात मला बहुतेक गोष्टींवर काहीतरी सुचतं.

गुरुवारी सकाळी निघालो. लायटरच्या भोकातली राख उकरली गेल्याने आता काडी तिथे उभी राहीना, म्हणून मामीने उदबत्ती अर्ध्या केळात खोचली आणि ते केळ यंत्राशेजारी ठेवलं. मामांनी नवी टोपी घातली, लाइट लावले, बाई म्हणाली, "सीधे चलते रहें," आणि मामा तिला म्हणाले, "हाव."

वलगाव मागे पडलं आणि ते सुरू झालं. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने हात वर केला आणि बोटांची उघडझाप केली. आपल्याकडे दिवसा कुणाच्या गाडीचे दिवे चालू दिसले की लोक न चुकता अशी खूण करतात. मामांनी त्याला हात केला. मग एक जीप, तिच्या ड्रायव्हरनेही बोटं उघडमीट केली. मामांनी त्यालाही हात केला. कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, दुधाचे कॅन लावलेली स्कूटर, एसटीचा ड्रायव्हर, सगळे हात करत होते. मामा फुलून आले होते.

"पाह्यलं का? या रस्त्यानं मले सारे ओळखतेत. आन् माधुरी म्हणते मी हरवतो."

"मामा, ते लाइट चालू आहे म्हणून सांगतायत."

"तुले काय माहीत? तो देशमुखाचा जावई होता."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींवर ट्रॉल्यांमधून उडालेला कापूस अडकून बसला होता. मागे हरभरा, तूर आणि काळी जमीन. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. जमिनीखालचं पाणी खारट, म्हणून विहिरीच्या भरवशावर कुणी राहत नाही. हे मी वर्गात कित्येकदा शिकवलं आहे, नीट पाहिलं मात्र त्या दिवशीच. पूर्णेचा पूल ओलांडून आम्ही दर्यापुरात चहाला थांबलो. चहाबरोबर आलूबोंडा (बटाटेवडा) आला आणि त्यावर मूठभर सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. डाळ येईल म्हणून मी चमचा धरून बसले होते.

तिथेच घोटाळा झाला. मामा गाडीत बसून लाइट लावताच चहावाला, त्याचं गिऱ्हाईक आणि पलीकडचा पंक्चरवाला, तिघेही एकदम ओरडले, "काका, लाइट!" मामांचा हात वर जाता जाता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वलगावपासूनचे सगळे हात त्यांना त्या क्षणी आठवले असावेत. चेहरा असा उतरला की मी चहाच्या ग्लासात बघत बसले. त्यांनी लाइट बंद केले. बाईही बंद झाली. आणि फाट्यावर मामांनी डावीकडे वळवलं.

भूगोलाच्या बाईला कळायला वेळ लागला नाही. अकोटकडे जाताना सकाळचं ऊन पाठीमागून यायला हवं. ते माझ्या डाव्या कानावर येत होतं. आम्ही दक्षिणेला, मूर्तिजापूरकडे निघालो होतो. बोलायचं नाही असं मी कबूल केलं होतं. मी खिडकीची काच खाली केली, वर केली, खोकले. मामा ताठ बसून गाडी चालवत होते. शेवटी मैलाच्या दगडावर मूर्तिजापूर आलं. मामांनी गाडी हळूहळू बाजूला घेतली आणि उभी केली.

"बाई," ते मला म्हणाले, "मले हे झाड माहीत नाही."

समोर एक साधी बाभूळ होती. मला फार वाईट वाटलं, आणि माधुरीचा रागही आला, आणि ती बरोबर आहे याचा त्याहून जास्त राग आला.

"मामा, कुणाला तरी विचारायचं का?"

"नाही. इच्यारलं का समजते सगळ्याइले. नाना हरवला म्हणतेत. चांदूरलेही मी इच्यारलं नव्हतं. दिवसभर फिरलो, पण इच्यारलं नाही."

म्हणजे चहा प्यायला गेलेच नव्हते. हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. मग हात पुढे करून त्यांनी लाइट लावले. बाई जागी झाली आणि उपग्रह शोधायला लागली. ती शोधत असतानाच एक मोटरसायकल आमच्या शेजारून पुढे गेली, थांबली आणि वळून परत आली. चालवणारा माणूस, मागे मांडीवर मेथीचं गाठोडं घेतलेली त्याची म्हातारी आई.

"काका, लाइट चालू हाये! बॅटरी जाईन न बाप्पा!"

"हाव, माहीत हाय," मामा म्हणाले. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "अकोट कोणीकडून पडते आता?"

"उलटे आले तुमी. मागं फिरा, दर्यापुरातून उजवा हात सोडा, डावा धरा..."

"तुले काय समजते! त्याहिले जिकडून आपण जातो तिकडून सांग," मागून आई म्हणाली. "ओ भाऊ, आमच्या मांगं मांगं या. फाट्यापर्यंत सोडतो."

तेवढ्यात बाईलाही उपग्रह सापडला आणि तिनेही मागे वळायला सांगितलं. पण मामा मोटरसायकलच्या मागेच गेले. अकोटच्या फाट्यावर म्हातारीने हात केला. मामांनी हॉर्न वाजवला. तिथून अकोटपर्यंत त्यांनी लाइट एकदाही बंद केले नाहीत. वाटेत ज्याने थांबून सांगितलं त्याला ते म्हणायचे, "हाव बाप्पा, माहीत हाय," आणि लगेच, "हा अकोटचाच रस्ता न?" विचारणं नव्हतंच ते. लोक आपणहून जवळ येत होते, त्यांच्याशी चार शब्द बोलायला नकोत का?

अकोटला सुमनमावशी दारात खुर्ची टाकून बसली होती. उशीर झालेला तिने आधी शिव्यांतून आणि मग पाटवडीच्या रश्शातून वसूल केला. रस्सा इतका तिखट होता की मी तिसऱ्या घासाला रडायला लागले आणि दोघं भावंडं माझ्याकडे बघून हसायला लागली. जेवणानंतर ती दोघं दारातच शेजारी शेजारी बसून राहिली. मावशीने मामांच्या टोपीवरचं केळाचं सालपट काढून टाकलं. ते तिथे कसं गेलं, तिने विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत अमरावतीला परतलो तर दारात गजूभाऊ उभे होते.

"नाना, बरोबर वायर सापडली मले! चाबीवर घेतो. चाबी फिरवली का बाई चालू. लाइटची गरजच नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे.

"राहू दे गजू," मामा म्हणाले. "आता हेच बरं हाये."

गजूभाऊ हिरमुसले. मग माधुरीचा फोन आला. यंत्रावर पोचले का, तिने विचारलं. मी म्हटलं, लाइट लावले की पोचतात. ती म्हणाली, लाइटचा काय संबंध? मी म्हटलं, गाडी विकू नकोस, एवढंच लक्षात ठेव. फक्त त्यांनी लाइट लावल्याशिवाय निघायचं नाही, ही अट घाल. मामीने फोन घेतला आणि केळाचं सांगायला लागली.

निघताना मामा पुन्हा माझ्या पाया पडले. या वेळी मी मागे सरले नाही. वाकून त्यांना उठवलं आणि मीही त्यांच्या पाया पडले, तेव्हा ते इतके रागावले की गाडी सुटेपर्यंत बोलले नाहीत.

पुण्यात मला एक सवय होती. भर दुपारी कुणाच्या गाडीचे दिवे चालू दिसले की मी रिक्षातूनसुद्धा हात काढून बोटांची उघडझाप करायचे. समोरचा बंद करेपर्यंत मला चैन पडायचं नाही. परवा कर्वे रोडवर एक जुनी गाडी अशीच आली, आत टोपी घातलेले एक गृहस्थ. रिक्षावाल्याने खूण करायला हात बाहेर काढला आणि मी तो धरून आत ओढला.

"काय झालं मॅडम?"

"असू द्या," मी म्हटलं. "त्यांना कुठेतरी पोचायचं असेल."